झाकली मूठ

पेडण्याच्या श्रीभगवतीच्या देवळापुढे दोन प्रचंड हत्ती उभे आहेत. आमच्या लहानपणी त्यांच्या पायाला हात लावल्यावाचून देवीपुढे जावेसे आम्हांस वाटत नसे. आणि पुढे आश्विनातल्या पुनवेला आजोळी येणारा आमचा भाचाही तेच करी. फरक इतकाच, की आम्ही हडकुळे होतो आणि तो अंगाने चांगलाच भरलेला होता. एका पुनवेला गर्दीतला कोणी टवाळ त्याच्याकडे बोट करून म्हणाला, "आनी हो तिसरो हत्ती खंयचो?" लोक हसले. पोरगाही हसला; परंतु त्या दिवसापासून तो हत्तींपाशी जाईनासा झाला. आम्हीही त्या हसण्यात सामील होतो, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

या मुलाची हकीकत लिहावी असे पुष्कळ दिवस आमच्या मनात होते. तो काही नामवंत खेळाडू नव्हे. कराटेच्या वरच्या वजनी गटात तो दहाबारा वर्षे खेळला. त्याची पदके एका खिळ्याला अडकवता येतील इतकीच आहेत. त्याचे नाव आम्ही येथे देत नाही, कारण तशी त्याची अट आहे. पण त्याच्या खेळाने आम्हांला उतारवयात जे शिकविले, ते आमच्या चार बुकांनी शिकविले नव्हते.

आमची धाकटी बहीण डिचोली तालुक्यात दिलेली. तिचा संसार एका टिप्परवर चालत असे. खाणीवरून नदीकाठच्या धक्क्यापर्यंत खनिज वाहावे, तेथे ते बार्जीत भरले जावे आणि मांडवीतून बार्ज मुरगावच्या बंदराकडे निघावी, हा त्या मुलुखाचा रोजचा क्रम. त्या तांबड्या धुळीला लोक शिव्या देत, आणि तिच्यावरच जगत. २०१२ सालच्या सप्टेंबरात गोव्यातील खाणी थांबल्या. मेहुण्यांचा टिप्पर अंगणात उभा राहिला; त्याच्यावर आधी धूळ बसली आणि पुढच्या पावसाळ्यात शेवाळ चढले. माणसे दिवसभर ओसरीवर बसून राहू लागली. भाचा तेव्हा बारा वर्षांचा होता. शाळेत चिडवतात म्हणून तोही घरातच बसू लागला. पंचायतीच्या सभागृहात आठवड्यातून तीन दिवस कराटेचा वर्ग भरे. फी फारशी नव्हती. बहिणीने त्याला तेथे धाडला. "मातशें आंग तरी हालतलें ताचें," एवढीच तिची अपेक्षा होती.

आम्हांला या खेळाविषयी तेव्हा फारशी माहिती नव्हती, आणि आदर तर मुळीच नव्हता. फळ्या आणि कौले फोडण्याचा तो एक परदेशी चाळा आहे, असा आमचा ग्रह होता. पुढे भाच्यामुळे थोडे वाचन झाले, तेव्हा समजले की 'कारा' म्हणजे रिकामा आणि 'ते' म्हणजे हात. ओकिनावा बेटावरची ही विद्या. गिचिन फुनाकोशी नावाच्या एका शाळामास्तराने १९२२ साली टोकियोत तिचे प्रात्यक्षिक दाखविले आणि तिचा जपानभर प्रसार झाला. पूर्वी या नावातले पहिले अक्षर 'चिनी' या अर्थाचे लिहीत. उच्चार तोच ठेवून 'रिकामा' या अर्थाचे अक्षर रूढ करण्यात फुनाकोशींचा मोठा वाटा होता. हा माणूस चणीने लहान होता. झुंजीच्या स्पर्धा त्याला मनापासून पसंत नव्हत्या. विद्या आपल्याला ताब्यात ठेवण्यासाठी आहे, दुसऱ्याला पाडण्यासाठी नव्हे, असे त्याचे मत. १९५७ च्या एप्रिलात तो वारला आणि त्याच वर्षी जपानात त्याच्याच शिष्यपरंपरेने पहिली राष्ट्रव्यापी स्पर्धा भरविली! गुरूच्या मागे शिष्य काय करतील याचा नेम नसतो, हे आपल्याकडच्या संप्रदायांनाही ठाऊक आहे.

१९७० साली टोकियोत पहिली जागतिक स्पर्धा झाली. आरंभीच्या त्या स्पर्धांत वजनांचे गट नव्हते; लहान आणि थोर एकाच चटईवर उतरत. वजनांची विभागणी मागाहून आली. आज प्रौढ पुरुषांत साठ, सदुसष्ट, पंचाहत्तर आणि चौऱ्याऐंशी किलोंच्या आतले असे चार गट आहेत, आणि पाचवा चौऱ्याऐंशीच्या वरचा. या पाचव्या गटाची एक गंमत आहे. बाकीच्या गटांना वरून छत आहे. याला फक्त जमीन आहे. शहाऐंशी किलोंच्या मुलासमोर एकशेवीस किलोंचा गडी उभा राहिला तरी नियमाप्रमाणे तो बरोबरीचाच. खालच्या गटांतली मुले स्पर्धेच्या आदल्या दिवशी उपाशी राहून, धावून, घाम गाळून वजन उतरवितात. वरच्या गटातला मुलगा मात्र निवांत पेज पिऊन काट्यावर उभा राहतो. त्याला उतरवायचे काहीच नसते. जे आहे ते सांभाळायचे असते.

पण या गटाची खरी अडचण निराळी आहे, आणि ती आम्हांला भाच्याच्या पहिल्या पदकाच्या वेळी कळली. तो तेरा वर्षांचा असताना एका स्पर्धेत त्याला सुवर्णपदक मिळाले. गावात आनंदीआनंद झाला. खाणी बंद पडल्यापासून त्या गावाला आनंदाचे निमित्त असे उरलेच नव्हते. लगेच सत्काराचे ठरले. देवळाच्या सभामंडपात खुर्च्या मांडल्या गेल्या. आणि पेडण्याचे मामा चार शब्द बरे बोलतात म्हणून आम्हांला बोलावणे आले. सभेपूर्वी भाच्याने आम्हांला परसात गाठले. त्याचा चेहरा उतरलेला होता. म्हणाला, "मामा, हांव कोणाकडेनच झुजूंक ना." त्याच्या वजनाचे दुसरे कोणी आलेच नव्हते. पंचांनी त्याला चटईवर बोलावले, वाकून नमस्कार करायला लावला, त्याचा हात वर केला आणि पदक गळ्यात घातले. हलक्या गटांत वीसवीस मुले असतात. त्यांना पदकासाठी चारपाच लढती माराव्या लागतात. जड मुलांना मैदानात आणतो कोण? त्यांना तर घरीच बसवून ठेवलेले असते.

आम्ही त्याला काय सांगितले, ते आज लिहिताना लाज वाटते. आम्ही म्हणालो, "झाकली मूठ सव्वा लाखाची. लोकांना आनंद झाला आहे, तो घालवू नको." मग मंडपात जाऊन आम्ही भाषण केले. चाणूर आणि मुष्टिक यांच्यापासून सुरुवात करून आम्ही पार जपानपर्यंत पोचलो. टाळ्या झाल्या. नंतर मुलाला दोन शब्द बोलायला सांगितले. तो उभा राहिला, ध्वनिक्षेपकाची दांडी धरून क्षणभर घुटमळला, आणि म्हणाला, "म्हज्या गटांत हांव एकलोच आशिल्लों." एवढेच बोलून तो खाली बसला. मंडप चिडीचूप झाला. काय करावे हे कोणालाच कळेना. शेवटी पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईने टाळी वाजवली, आणि मग सगळ्यांनी वाजवली. पहिल्या टाळ्या आमच्या वक्तृत्वाला होत्या. दुसऱ्या कशाला होत्या, हे आम्ही जाणून होतो.

त्या दिवसानंतर भाच्याचा सारा खेळ म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा शोध होता, असे म्हटले तरी चालेल. आपल्या जोडीचा गडी जेथे असेल तेथे जायचे. बेळगाव, हुबळी, कोल्हापूर, पुणे. रात्रीच्या बसने निघावे, पहाटे उतरावे, कोणत्यातरी शाळेच्या वर्गात सतरंजीवर पडावे आणि सकाळी काट्यावर उभे राहावे. एकाच खेळाच्या अनेक संघटना, प्रत्येकीची स्पर्धा वेगळी आणि प्रमाणपत्र वेगळे. कोणते खरे हे मुलांनी कसे ओळखावे? खाणी मध्यंतरी सुरू झाल्या आणि २०१८ च्या मार्चात पुन्हा थांबल्या. प्रवासाचा खर्च कधी त्याचे सर करीत, कधी आम्ही. बहिणीने नाचणीची आंबील आणि उकडलेली अंडी यांवर पोराचे अंग पोसले. तो हरत गेला. पहिल्या दोन वर्षांत बाहेरगावी त्याने एकही लढत जिंकली नाही. तरी परत येताना त्याचा चेहरा त्या सुवर्णपदकाच्या दिवसापेक्षा पुष्कळ बरा असे.

२०१६ साली कोल्हापूरच्या एका स्पर्धेला आम्हीही त्याच्याबरोबर गेलो. आमचे कॉलेजचे दिवस तेथे गेले होते. शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९१२ साली उभे राहिलेले खासबागेचे मैदान आम्ही त्याला दाखविले. मैदान मध्ये खोलगट आणि सभोवार चढत गेलेली बैठक. हजारो माणसांना कोठूनही कुस्ती दिसावी अशी सोय. तेथे बसून आम्ही त्याला गणपतराव आंदळकरांची हकीकत सांगितली. शिराळा तालुक्यातील पुनवत गावचा हा पैलवान. १९६० साली हिंदकेसरी झाला. १९६२ च्या जाकार्ता एशियाई क्रीडास्पर्धांत सत्त्याण्णव किलोंवरच्या गटात त्याने ग्रीको-रोमन कुस्तीचे सुवर्ण आणि मुक्त कुस्तीचे रौप्य, अशी दोन पदके आणली. १९६४ साली तो टोकियोच्या ऑलिंपिकात उतरला. दादू चौगुल्यांचे सांगितले: १९७० आणि १९७१ असा लागोपाठ दोनदा महाराष्ट्रकेसरी, आणि १९७४ साली क्राइस्टचर्चच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक. हे दोघेही तेव्हा हयात होते. कुस्तीच्या मैदानात जड गड्याचा मान केवढा! लहान जोडी आधी सुटतात. लोक उन्हातान्हात बसून राहतात ते शेवटच्या मोठ्या जोडीसाठी. तेथे अंग ही दौलत आहे. गाव तिला दूध-तूप घालते, बदाम घालते, तालमीत झोपायला जागा देते. आपल्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळविले ते हलक्या वजनात, हे खरे. पण कोल्हापूरच्या माणसाला 'पैलवान' म्हटले की डोळ्यांपुढे उभा राहतो तो शंभर किलोंचाच.

हे सारे सांगून झाल्यावर आम्ही त्याला उपदेश केला. उपदेश करण्याचे आमचे वय झालेले आणि सवय तर फार जुनी. आम्ही म्हणालो, "तू फार बिचकत खेळतोस. देवाने अंग दिले आहे, तर अंग टाक. पैलवानासारखा समोरच्यात घूस." तो हसला. म्हणाला, "मामा, थंय आंग घालतात, हांगा आंग सांबाळचें पडटा."

त्याचे हे वाक्य आम्हांला त्या वेळी कळले नाही. मुलगा आळशीपणाला तत्त्वज्ञान जोडतो आहे असे वाटले. कराटेच्या स्पर्धेत ठोशाला एक गुण, धडावरील लाथेला दोन आणि डोक्यावरील लाथेला तीन. तीन मिनिटांची लढत. आठ गुणांची आघाडी झाली की खेळ संपला. हे आम्हांला पाठ होते. पण या गणिताच्या मागे एक अट आहे. प्रहार पूर्ण वेगाने, पूर्ण आकाराने आणि अचूक अंतरावर झाला पाहिजे, आणि तरीही तो आवरलेला असला पाहिजे. चेहऱ्यावर मूठ पोचावी, पण कातडीला टेकावी एवढीच. टेकण्याऐवजी लागली तर गुण नाही, ताकीद. आणि समोरचा जायबंदी झाला तर स्पर्धेतून बाद. कुस्तीत बळ संपूर्ण वापरण्याची परवानगी आहे, कारण पाठ टेकली की काम झाले. येथे बळ आणायचे सगळे आणि खर्चायचे कवडीमोल. साठ किलोंच्या मुलाला आपला हात शेवटच्या बोटभर अंतरात थांबविणे सोपे. पंच्याण्णव किलोंचे अंग त्याच वेगाने पुढे झेपावल्यावर त्याला तेवढ्याच जागेत थांबायचे असते. भरलेला टिप्पर आणि रिकामी सायकल एकाच अंतरात थांबवा म्हणण्यासारखे ते आहे. डिचोलीच्या मुलाला हे उदाहरण आम्ही सांगायला नको होते. ते त्यानेच आम्हांला सांगितले.

आणि खरे म्हणजे पेडण्याच्या माणसाला ते आधीच कळायला हवे होते. रात्र रात्र जागून आम्ही दशावतार पाहिलेले. राजा आणि दैत्य तलवारी उपसून मंडपभर उड्या घेतात, मृदंग तापलेला असतो, घाव मानेवर येऊन क्षणार्धात थांबतो आणि अंगावर काटा उभा राहतो. हातातली तलवार खोटी असते, पण थांबणे खरे असते. कसलेला नट तोच, ज्याच्या समोरचा नट निर्भयपणे मान पुढे करतो. संकासुराचे सोंग घेणारा आडदांड माणूस लहान पोराच्या अंगावर धावून जातो आणि पोराच्या नाकाशी थांबतो. पोर किंचाळते, मग हसते. हे सगळे बालपणापासून पाहिलेल्या आम्ही भाच्याला सांगितले काय, तर अंग टाक!

२०१९ साली त्याने अंग टाकले. परराज्यातली मोठी स्पर्धा होती. चौऱ्याऐंशीच्या वरच्या गटात त्या दिवशी सात जण होते. इतके प्रतिस्पर्धी त्याने जन्मात एकत्र पाहिले नव्हते. दोन लढती त्याने जिंकल्या. तिसरी उपांत्य. शेवटची काही सेकंदे राहिली असताना तो एका गुणाने मागे होता. आम्ही कठड्याशी उभे होतो आणि, का लपवावे, ओरडत होतो. तो पुढे झेपावला. त्याच क्षणी समोरचा मुलगाही पुढे आला. दोन वजनांमधले अंतर दोघांनीही एकदम खाल्ले. ठोसा नाकावर बसला. आवाज आम्हांपर्यंत आला. तो मुलगा गुडघ्यांवर बसला आणि चटईवर रक्त पडू लागले. पंचांनी आमच्या भाच्याला बाद ठरविले, आणि ते योग्यच होते. तो इस्पितळात त्या मुलाच्या खाटेपाशी रात्री उशिरापर्यंत बसून राहिला. नाकाचे हाड मोडले होते. त्या मुलाच्या वडिलांनीच शेवटी याच्या पाठीवर हात ठेवून याला जेवायला धाडले.

परतीच्या बसमध्ये तो एक शब्द बोलला नाही. आमचा उपदेश त्याला आठवत होता की नाही, हे आम्ही विचारले नाही. विचारण्याचे धैर्य नव्हते. घरी आल्यावर त्याने आपला पांढरा पोषाख धुऊन, घडी करून कपाटात ठेवला आणि वर्गाला जाणे बंद केले. सर दोनदा येऊन गेले. पुढच्या वर्षी महामारीची टाळेबंदी आली आणि मग न खेळण्याला कारण देण्याचीही गरज उरली नाही.

मोपाच्या पठारावर त्या काळात विमानतळाचे काम चालले होते. तेथे एका कंत्राटदाराकडे त्याला सामानाच्या नोंदी ठेवण्याची नोकरी मिळाली, म्हणून तो आमच्याकडे पेडण्यालाच राहू लागला. २०२१ च्या ऑगस्टची ७ तारीख आमच्या लक्षात आहे. ती साऱ्या देशाच्याच लक्षात आहे. त्या सायंकाळी टोकियोत नीरज चोप्राने भालाफेकीचे सुवर्णपदक मिळविले, आणि आमच्या वाड्यावर कोणीतरी चवथीसाठी राखून ठेवलेले फटाके उडविले. ऑलिंपिकात कराटे प्रथमच आले होते ते त्याच टोकियोत, आणि पुढे २०२४ च्या पॅरिसच्या ऑलिंपिकात ते नव्हतेही. त्याच सायंकाळी पंचाहत्तर किलोंवरच्या गटाची अंतिम लढत होती. भाचा खोलीत एकटाच मोबाइलवर ती पाहत होता. आम्ही दारातून डोकावलो तेव्हा त्याने सरकून जागा करून दिली.

एका बाजूला सौदी अरेबियाचा तारेग हमेदी, दुसऱ्या बाजूला इराणचा सज्जाद गंजजादे. हमेदी चार-एक असा आघाडीवर होता. सौदी अरेबियाला तोवर ऑलिंपिकचे सुवर्णपदक कधीच मिळालेले नव्हते. ते आता काही मिनिटांच्या अंतरावर होते. तेवढ्यात हमेदीची लाथ उंच उठली आणि गंजजादेच्या मानेपाशी बसली. तो उताणा कोसळला आणि उठला नाही. त्याच्या तोंडाला प्राणवायूची नळी लावून त्याला स्ट्रेचरवरून बाहेर नेले. पंचांनी एकत्र येऊन विचार केला, आणि प्रहार आवरलेला नव्हता म्हणून हमेदीला बाद ठरविले. जो चटईवर उभा होता तो हरला. जो शुद्धीवर नव्हता तो ऑलिंपिक विजेता झाला. हमेदी रडू लागला. थोड्या वेळाने दोघेही पदके घेण्यासाठी एकाच व्यासपीठावर उभे राहिले. एकाच्या गळ्यात त्याला न दिसलेल्या क्षणाचे सुवर्ण, दुसऱ्याच्या गळ्यात एका क्षणाने हुकलेले रौप्य.

जगभर त्या निर्णयावर वाद झाला. ज्याने पाडले तो हरतो, हा कसला खेळ, असे पुष्कळांनी म्हटले. तीन वर्षांपूर्वी आम्हीही तेच म्हटले असते. भाचा मात्र बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ताका मारूंक जालें, मामा, थांबूंक जालें ना." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "म्हाकाय."

तेव्हा आम्ही त्याला सांगून टाकले, की २०१९ सालचा तो ठोसा निम्मा आमचा होता. खासबागेत बसून आम्ही जो उपदेश केला, तो चुकीच्या खेळाचा होता. आणि सत्काराच्या दिवशी मूठ झाकायला सांगितली, तीही चूकच होती. तो आमच्याकडे पाहत राहिला. "तुमी सांगलें म्हणून हांवें मारलें अशें म्हणूं? मूठ म्हजी," एवढेच तो बोलला. आम्हांला क्षमा मिळाली नाही. आमची ती मागणीच त्याने नाकारली. आपल्या मुठीतला वाटा दुसऱ्याला द्यायला तो तयार नव्हता.

ही लढत ज्या निप्पॉन बुदोकानमध्ये झाली, ती वास्तू १९६४ च्या ऑलिंपिकातील ज्यूदोसाठी बांधलेली. त्या वर्षी तेथे सर्व वजनांना खुल्या असलेल्या गटात अंतोन खेसिंक नावाच्या साडेसहा फुटी डच माणसाने जपानच्या कामिनागाला हरविले. सारे सभागृह सुन्न झाले. खेसिंकचे देशबांधव आनंदाने चटईकडे धावले. त्याने खाली दाबलेल्या प्रतिस्पर्ध्याला सोडण्यापूर्वीच एक हात उंचावून त्यांना जागीच थांबविले, आणि मग उठून नमस्कार केला. जिंकण्यापेक्षा त्या थांबविण्यामुळे जपानी माणसांनी त्याला आपला मानले, असे म्हणतात. ही हकीकत आम्ही भाच्याला सांगितली. या वेळी तिच्यामागे उपदेश जोडला नाही.

त्याने कपाटातून पोषाख काढला तो दिवाळीनंतर. मोपाचे विमानतळ सुरू झाले तरी नोकरी टिकली, आणि सुट्टीच्या दिवशी धारगळ, कोलवाळ, अस्नोडा करीत तो दुचाकीवरून डिचोलीला आपल्या सरांकडे जाऊ लागला. खोलीत त्याने वर्तमानपत्राचा एक कागद दोऱ्याने टांगला. रोज सकाळी तो त्याच्यावर ठोसे मारी. कागद फाटता कामा नये आणि निश्चलही राहता कामा नये; वाऱ्याने हलावा तितका हलावा. शेकडो कागद फाटले. आमची वर्तमानपत्रे वाचून होण्यापूर्वीच नाहीशी होऊ लागली. मग हळूहळू एकच कागद आठवडाभर पुरू लागला. २०२३ साली त्याने एका स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. चार लढती खेळून, एकही ताकीद न घेता. ज्याचे नाक मोडले होते तो मुलगा तेथे भेटला. त्याने खेळ सोडलेला नव्हता. दोघांनी बरोबर चहा घेतला.

ही त्याची कारकीर्द. एक सुवर्ण, जे तो पदक म्हणून मोजत नाही. दोनतीन कांस्ये, जी मोजतो. आणि एक बाद, जे तो सर्वांत आधी सांगतो. पुढे दमसास कमी होईल, गुडघे बोलू लागतील. जड खेळाडूचे गुडघे आधी बोलतात. आता तो रविवारी पेडण्यात लहान मुलांचा वर्ग घेतो. आमच्या आज्यांच्या तोंडी मुष्टिफंडाची गोष्ट असे: १९०८ साली पणजीत मराठी शिक्षणासाठी संस्था निघाली आणि घरोघर रोज मूठ मूठ तांदूळ बाजूला काढून लोकांनी ती जगविली. मूठ म्हटली की आपल्याला ठोसा आठवतो. पण तीच मूठ उघडली की मापटे होते. वर्गातल्या पोरांची फी पुष्कळदा त्याच मापट्याने येते: कोणी नारळ आणतो, कोणी घरचे तांदूळ, कोणी काहीच नाही.

गेल्या पुनवेच्या आधीच्या रविवारी एक बाई आपल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन वर्गात आली. मुलगा चांगलाच जाड होता आणि आईच्या पाठीमागे लपत होता. आम्ही तेथेच बाकावर बसलो होतो. भाच्याने त्याला काट्यावर उभे केले, वजन वहीत लिहिले आणि गटाचे नाव सांगितले. मुलाने खालच्या मानेनेच विचारले, "ह्या गटांत हांव एकलोच काय?"

"ना," भाचा म्हणाला, "आतां आमी दोग."

पुनवेच्या रात्री ती दोघे भगवतीच्या देवळापुढे आम्हांला दिसली. धाकट्याने हत्तीच्या पायाला हात लावला. मग थोरल्यानेही लावला. गर्दीत कोणी काही बोलले असले, तर ते आम्हांला ऐकू आले नाही.